लेकीचा स्टार वॉर्स, बापाचा स्टार वॉर्स

पत्राचा सारांश

पत्रलेखक कोल्हापूरचे. वय 42, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नोकरी. कॉलेजपासूनच्या पाच मित्रांचा त्यांचा कट्टा आहे आणि या पाच जणांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे स्टार वॉर्स, जॉर्ज लुकासने 1977 मध्ये सुरू केलेली अंतराळातल्या लढायांची अमेरिकन चित्रपटमालिका. 1999 साली सुट्टीत पुण्याला मामाकडे गेले असताना त्यांनी 'द फँटम मेनेस' थिएटरात पाहिला. परत आल्यावर राजारामपुरीतल्या एका लायब्ररीतून भाड्याने सीडी आणून जुन्या तीन भागांची पारायणं केली. 2015 पासून आलेले नवे तीन भाग मात्र त्यांना मान्य नाहीत. त्यातही 2017 च्या 'द लास्ट जेडाय'चा विशेष राग. "ल्यूकची माती केली," असं ते जुन्या तीन भागांच्या नायकाबद्दल लिहितात.

मागच्या महिन्यात रविवारी मित्र घरी जेवायला आले होते. नेहमीचा विषय निघाला. आठवीतली मुलगी तिथेच बसली होती. ती म्हणाली, मला सगळ्यांत 'द लास्ट जेडाय'च आवडतो. पत्रलेखक सगळ्यांदेखत बोलून गेले, "तुला काय कळतंय यातलं? तू कुठली खरी फॅन?" एका मित्राने मुलीची बाजू घेतली. "भावा, तू म्हातारा झालायस, दुसरं काय न्हाई," म्हणाला. आवाज चढले. मित्र ताटावर न बसताच निघून गेला आणि रात्री त्याने व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. दोन दिवसांनी पत्रलेखकांच्या लक्षात आलं, की मुलीने स्वतः काढून कपाटाच्या दारावर लावलेलं रे या नव्या भागांतल्या नायिकेचं चित्र उतरवलं आहे. विचारल्यावर म्हणाली, "काही नाही पप्पा, जुनं झालं होतं."

पत्नीचं म्हणणं, आवडला म्हणून सांगून टाका, विषय संपेल. त्यांना ते खोटं वाटतं. ते विचारतात: न आवडलेला सिनेमा आवडला म्हणू का? मुलीला पहिल्यापासून नीट क्रमाने सगळे भाग दाखवले तर तिची आवड सुधारेल का? आणि मित्राकडे आधी कोणी जायचं?

उत्तर

तुमच्या पत्रात तुम्ही 'द लास्ट जेडाय'वर दोन पानं लिहिली आहेत आणि कपाटावरून उतरवलेल्या चित्रावर दोन ओळी. मी त्या दोन ओळींपासून सुरुवात करते, कारण घाई तिथे आहे. वीस-बावीस वर्षांपासूनचा मित्र आणखी पंधरा दिवस रुसून राहिला तरी परत येईल. तेरा वर्षांची मुलगी एकदा "काही नाही पप्पा" म्हणायला शिकली, की ते उत्तर तिला पुढे बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडायला लागतं. आज चित्र आहे. उद्या शाळेत काही झालं, कुणी काही बोललं, परीक्षेत गडबड झाली, तरी तेच उत्तर येईल. म्हणून हे पत्र वाचून झाल्यावर आधी तिच्याशी बोला, बाकीचं सावकाश.

काय बोलायचं ते सांगते, पण त्याआधी तुमच्या मनात जे पक्कं बसलंय त्याकडे थोडं बघू या. ते तसंच राहिलं तर तुम्ही तिची माफी मागाल आणि तिसऱ्या वाक्याला "पण खरं सांगू का" म्हणून पुन्हा सुरू कराल.

तुम्ही 'मूळ' आणि 'खरा' हे शब्द पत्रभर वापरले आहेत. मूळ स्टार वॉर्स, खरा ल्यूक, खरी फॅन. एक काम करा. त्या काळातली सीडी किंवा नंतर घेतलेली डीव्हीडी घरात असेल तर काढा. 1977 च्या पहिल्या भागात तो दारूचा अड्डा आहे, तिथे तस्कर हान सोलो टेबलाशी बसलाय आणि समोर हिरव्या चामडीचा ग्रीडो पिस्तूल रोखून आहे. नीट बघा, आधी गोळी कोण झाडतं. 1977 साली थिएटरात बसलेल्या माणसांनी फक्त हानला गोळी झाडताना पाहिलं होतं. 1997 मध्ये जॉर्ज लुकासने तिन्ही जुने भाग दुरुस्त करून पुन्हा पडद्यावर आणले, त्यात ग्रीडो आधी झाडतो. 2004 च्या डीव्हीडीत दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकदम सुटतात. नंतर 'रिटर्न ऑफ द जेडाय'चा शेवट लावा. ल्यूकसमोर तीन आत्मे उभे राहतात, त्यातल्या त्याच्या बापाचा चेहरा बघा. प्रौढ, थकलेला चेहरा असेल तर तो सेबॅस्टियन शॉ. तरुण, लांब केसांचा हेडन ख्रिस्तेन्सन असेल तर तुमच्या हातातली प्रत 2004 ची किंवा त्यानंतरची आहे. 1983 साली हा चित्रपट आला तेव्हा ख्रिस्तेन्सन दोन वर्षांचा होता.

1999 नंतर भाड्याच्या सीडीवर तुम्ही जे पाहिलं, ते बहुतेक 1997 चं दुरुस्त केलेलं रूप असणार. म्हणजे ज्याला तुम्ही मूळ म्हणून जपलंय, त्याच रूपावर तुमच्या आधीची पिढी चिडलेली होती. ज्याने सिनेमा बनवला त्यानेच आमचा सिनेमा बिघडवला, असं ती माणसं म्हणत होती. त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. मलाही हानने आधी गोळी झाडलेलीच आवडते, कारण तो त्या क्षणी सज्जन नसतो आणि पुढे बदलतो, त्यातच त्याची गोष्ट आहे. सांगायचं एवढंच, की तुमचं प्रेम बदललेल्या प्रतीवर बसलं म्हणून ते कमी खरं ठरलं नाही. मग मुलीचं का ठरावं?

आता 1999 कडे या. तुम्ही सोळा वर्षांचे होता. मामाच्या गावी अंधाऱ्या थिएटरात पॉड रेस पाहिलीत, डार्थ मॉलची दुहेरी तलवार पाहिलीत, "अंगावर काटा आला" असं तुम्हीच लिहिलंय. त्याच वेळी अमेरिकेत 1977 पासूनचे चाहते काय म्हणत होते माहीत आहे ना? लुकासने आमच्या बालपणाची वाट लावली. व्यापाराचे कर आणि सिनेटमधली भाषणं कोण बघणार? त्या विदूषकी जार जार बिंक्सला हाकला. लहानग्या अनाकिनचं, म्हणजे ल्यूकच्या बापाच्या बालपणाचं काम करणारा जेक लॉइड शूटिंगच्या वेळी आठ वर्षांचा होता. शाळेत मुलांनी चिडवून हैराण केलं, असं त्याने पुढे सांगितलं, आणि त्याने अभिनय सोडला. जार जार साकारणाऱ्या अहमद बेस्टने 2018 मध्ये जाहीरपणे सांगितलं, की त्या टीकेच्या माऱ्यात आपण जीव द्यायच्या विचारापर्यंत पोचलो होतो.

त्या गदारोळात कुणी तुम्हाला गाठून म्हणालं असतं, "तुला काय कळतंय, तू फँटम मेनेसवाला," तर? कोल्हापुरात तेव्हा तुम्हाला असं म्हणणारं कुणी भेटलं नाही, हे तुमचं भाग्य. तुमच्या लेकीला ते घरातच भेटलं.

आणि पुढे काय झालं तेही बघा. 1999, 2002 आणि 2005 चे ते तीन भाग ज्यांनी लहानपणी पाहिले, ती मुलं मोठी झाली. त्यांच्या लेखी तेच स्टार वॉर्स होतं. 2002 आणि 2005 च्या भागांत तरुण अनाकिन झालेल्या ज्या ख्रिस्तेन्सनच्या अभिनयाची इतकी वर्षं टिंगल झाली, तो 2022 मध्ये 'ओबी-वान केनोबी' मालिकेत परत आला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. अहमद बेस्ट 2023 मध्ये 'द मँडलोरियन' मालिकेत एका जेडायच्या, म्हणजे प्रकाशाची तलवार चालवणाऱ्या योद्ध्याच्या भूमिकेत आला, लहानग्या ग्रोगूला वाचवणारा. पडद्यावर तो दिसला तेव्हा ज्यांना मागचं सगळं माहीत होतं त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. चित्रपटांत काही बदललं नव्हतं. बघणाऱ्यांचं वय बदललं होतं आणि बोलण्याची पाळी दुसऱ्यांची आली होती. अजून पंधरा वर्षांनी तुमची मुलगी आणि तिच्या वयाची माणसं बोलतील, आणि त्यांची लाडकी नायिका रे असेल.

तुमचा दुसरा आक्षेप असा, की लुकासच्या डोक्यात सगळा आराखडा पक्का होता आणि नव्या लोकांनी मनाला येईल तसं केलं. यातला दुसरा भाग बराच खरा आहे. 2015 चा भाग जे. जे. अब्राम्सने केला, 2017 चा रायन जॉन्सनने, तिसरा कॉलिन ट्रेवोरोकडे होता, तो 2017 मध्ये बाहेर पडला आणि पुन्हा अब्राम्सला आणलं. तीन भागांची एक गोष्ट आधी बसून ठरवलेली नव्हती आणि ते पडद्यावर दिसतं. पण पहिला भाग मात्र खरा नाही. 1977 मध्ये खलनायक डार्थ व्हेडर ल्यूकचा बाप आहे असं त्या सिनेमात कुठेही नाही. 1980 च्या भागात राजकन्या लेया ल्यूकचं चुंबन घेते आणि 1983 मध्ये ती त्याची बहीण निघते. पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीला सरकत जाणाऱ्या मजकुरात 'एपिसोड चार' हे शब्द 1981 च्या पुनर्प्रदर्शनात घातले गेले. लुकासही वाट काढत काढतच पुढे गेला. निर्मात्याने आपल्याच कामाला पुन्हा हात घालणं आपल्या गावाला तर मुळीच नवं नाही. आपल्या कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांनी 1925 चा मूक 'सावकारी पाश' 1936 मध्ये स्वतःच बोलपट म्हणून पुन्हा केला होता.

हे सगळं मी तुमचं मत बदलावं म्हणून सांगत नाही. तुम्हाला 'द लास्ट जेडाय' आवडला नाही, तो आवडायलाच पाहिजे असं काही नाही. त्यातला कॅसिनोच्या शहराचा तुकडा लांबलाय. खलनायक स्नोक कोण, कुठला, हे न सांगताच तो मरतो आणि आधीच्या भागाने वाढवलेली उत्सुकता वाऱ्यावर जाते. या तक्रारी करणारे सगळे बायकांचा राग करणारे आहेत असं तुमच्या मित्राच्या बाजूचे लोक म्हणतात, तेही अन्यायाचं आहे. ल्यूकबद्दलचं तुमचं दुःख तर मला पूर्ण समजतं. खुद्द मार्क हॅमिलला, ज्याने आयुष्यभर ल्यूक साकारला, त्याला ही कथा पटली नव्हती आणि आपण दिग्दर्शकाला तसं सांगितलं होतं, हे त्याने बोलून दाखवलं. ज्याने बापातला चांगुलपणा सोडला नाही, तो ल्यूक झोपलेल्या भाच्यावर तलवार उगारेल कसा? हा प्रश्न रास्त आहे.

माझं मत विचाराल तर मला तो भाग या मालिकेतला फार धाडसी वाटतो, आणि खरी माती 2019 च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'ने केली. कारण सांगते. 2017 मध्ये रेला कळतं, की तिचे आईबाप कुणीच नव्हते. भंगार गोळा करणारी माणसं, दारूच्या पैशासाठी पोरीला विकून गेलेली. तिच्यातली शक्ती कुठल्याही घराण्याची नाही, तिची तिची आहे. आपल्याकडे नवं माणूस भेटलं की पहिल्यांदा आडनाव विचारतात, मग गाव, मग "कुणापैकी?" अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलीला ती गोष्ट काय देऊन गेली असेल, याचा विचार करा. दोन वर्षांनी पुढचा भाग सांगतो, की नाही, ती दुष्ट सम्राट पॅल्पटिनची नात आहे. म्हणजे शेवटी घराणंच. मला ते फार लागलं होतं.

पण हे माझं झालं. तुमच्या मुलीला तो चित्रपट का आवडतो, हे मला माहीत नाही. तुमच्या पत्रातही कुठे नाही. तिने आवडतो म्हटलं आणि तुम्ही का म्हणून विचारलंच नाहीत, हे मला पत्रात सगळ्यांत जास्त खटकलं. कदाचित तिला रे आवडत असेल, कदाचित क्रेट ग्रहावरची पांढऱ्या मिठाखालची लाल माती चित्रात उतरवायला आवडत असेल. ती चित्रं काढते ना? कदाचित शेवटी तबेल्यातला पोरगा हात न लावता झाडू ओढून घेतो आणि आकाशाकडे बघत उभा राहतो, ते आवडत असेल. ते पोरगं कुणाचं कोण, सिनेमा सांगत नाही.

तर आता तुमचा पहिला प्रश्न. आवडला म्हणून खोटं सांगू का? सांगू नका. मुलीला लगेच कळेल आणि तिला दुहेरी वाईट वाटेल: एक, पप्पांना आवडला नाही, आणि दोन, आपली समजूत काढतायत. तुमच्या पत्नीच्या मनात काळजी आहे, ती बरोबर आहे, उपाय तेवढा चुकलाय. पण खोटं बोलायचं नाही म्हणून निकालच ऐकवला पाहिजे असंही नाही. 'चांगला की वाईट' हा प्रश्न बाजूला ठेवून एकेका प्रसंगावर बोलता येतं, आणि प्रसंगावर बोलताना माणूस खोटं न बोलताही मायेने बोलू शकतो.

ते कसं करायचं? तिला म्हणा, तू मला तो सिनेमा दाखव. रिमोट तिच्या हातात. तिला वाटेल तिथे तिने थांबवायचं आणि सांगायचं. तुम्ही फक्त विचारायचं, "इथे काय वाटलं तुला?" तोंडातून "पण मूळ भागात" निघू द्यायचं नाही. बंडखोरांची सेनाधिकारी होल्डो एकटीच जहाज घेऊन प्रकाशाच्या वेगाने शत्रूच्या ताफ्यात घुसवते, तिथे सगळा आवाज बंद होतो. अमेरिकेतल्या एका थिएटराने तर सूचना लावली होती, की आवाज गेलेला नाही, सिनेमाच तसा आहे. तिथे टीव्हीचा आवाज मोठा ठेवा आणि त्या शांततेत लेकीच्या चेहऱ्याकडे बघा.

शेवटाला ल्यूक बेटावर मांडी घालून बसलेला आहे आणि समोर दोन सूर्य मावळतायत. तिथे तिला थांबवायला सांगा, ही तुमची पाळी. तुम्हाला ते दोन सूर्य कुठले ते माहीत आहे. 1977 मध्ये टॅटुइनवर काकाच्या घरातून कंटाळून बाहेर आलेला एकोणीस वर्षांचा ल्यूक त्या दोन सूर्यांकडे बघत उभा होता आणि जॉन विल्यम्सचं तेच संगीत वाजत होतं. नऊही भागांचं संगीत त्याचंच आहे, त्यामुळे या नव्या-जुन्या भांडणात निदान कान तरी सगळ्यांचे एका बाजूचे आहेत. मुलीला विचारा, "हे आधी कुठे घडलंय, बघायचंय?" तिने हो म्हटलं तर जुनी डिस्क लावा. नाही म्हणाली तर राहू द्या, पुन्हा कधीतरी.

याच ओघात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं, पण थोडं स्पष्ट बोलते. "नीट क्रमाने दाखवून आवड सुधारणं" हा शिक्षा देण्याचाच जरा सभ्य प्रकार आहे. क्रमावरून तर चाहत्यांतच केवढे वाद. कुणी म्हणतं प्रदर्शनाच्या क्रमाने, कुणी म्हणतं गोष्टीतल्या क्रमाने एक ते नऊ (1999 चा भाग एक नंबर, 1977 चा चार, 2015 चा सात), आणि एक लोकप्रिय क्रम असाही आहे, की चार, पाच, मग मागे जाऊन दोन, तीन आणि शेवटी सहा. त्यात एक नंबर गाळलाच जातो. तुम्ही स्वतः एकपासून सुरुवात केलीत आणि मग चारवर आलात. कुठे बिघडलं तुमचं? तिला सातपासून पुढे आवडलं, ती वाटलं तर मागे येईल.

आणि माफीचं. आधी एकट्यात, साध्या शब्दांत: "मी त्या दिवशी तुला सगळ्यांसमोर जे बोललो ते बोलायला नको होतं. तुला कळतंय, मला विचारायचं सुचलं नाही." त्यापुढे स्पष्टीकरण नको. चित्र पुन्हा लावायला सांगू नका. लावायचं असेल तर ती लावेल, किंवा नवं काढेल. मात्र बोललात चारचौघांत, तेव्हा पुढच्या वेळी मित्र जमतील तेव्हा त्यांच्यासमोरही एक वाक्य मागे घ्या. मुलं हे मोजतात. असेच अनुभव मला गाण्यांबद्दल, क्रिकेटबद्दल, अगदी कादंबऱ्यांबद्दलही वाचक कळवतात. आपल्या लाडक्या गोष्टीची गोडी मुलांना लागावी म्हणून आईबाप जीव तोडून प्रयत्न करतात, आणि ती लागली की तिच्यावर पहारा बसवतात. ज्यांच्या घरी असं घडतंय त्यांनीही मुलांना आधी 'का आवडतं' विचारावं आणि उत्तर पूर्ण ऐकावं. मध्ये तोडू नये.

आता मित्र. आपण कोल्हापूरकर, शाहू स्टेडियमवर वाढलेले. पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच दिलबहार तालमीशी असली की पेठा कशा पेटतात ते तुम्हाला मी सांगायला नको. शिव्या होतात, कधी हुल्लडबाजीही झाली आहे आणि ती वाईटच. पण समोरच्या बाजूच्या माणसाला "तुला फुटबॉल आवडतच नाही" असं तिथे कुणी म्हणत नाही. उलट ज्या अर्थी तो इतक्या उन्हात बसून बोंबलतोय त्या अर्थी त्याला आवडतंय, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. तुमच्या कट्ट्यावर नेमकं तेच विसरलं गेलं. तुम्ही मुलीला म्हणालात, तू खरी फॅन नाहीस. त्याने तुम्हाला म्हटलं, तू म्हातारा झालायस. दोन्ही वाक्यांत सिनेमा कुठेच नाही. भांडण सिनेमाचं असतं तर मजा आली असती, जेवण करून रात्री बारापर्यंत चाललं असतं.

शिवाय तो कुणासाठी भांडला? तुमच्या लेकीसाठी. ती वेळ तुमची होती आणि ती त्याने निभावली. म्हणून आधी तुम्हीच जा. मेसेज पाठवू नका, लांबलचक तर मुळीच नको. अशा मेसेजच्या एकेका ओळीला उत्तर देता येतं आणि मग पुन्हा तेच. घरी जा किंवा नेहमीप्रमाणे सकाळी रंकाळ्यावर फिरायला येतो का म्हणून फोन करा. "त्या दिवशी तू पोरीची बाजू घेतलीस, बरं केलंस," एवढं म्हणा. 'म्हातारा' या शब्दाची वसुली करत बसू नका. तो स्वतःहून काही बोलला तर ठीक, नाही बोलला तरी ठीक. ग्रुपमध्ये परत ये म्हणून त्याच दिवशी गळ घालू नका.

परत सगळे एकत्र जमाल तेव्हा एक नियम तेवढा पाळा, आणि हे सगळ्याच चाहत्यांना सांगते. सिनेमाला हवं ते बोला, काम करणाऱ्या माणसांना नको. 'द लास्ट जेडाय'मध्ये रोझ झालेली केली मेरी ट्रॅन, व्हिएतनामहून आलेल्या आईबापांची मुलगी. लोकांनी तिच्या रंगरूपावरून, वंशावरून इतका छळ केला, की 2018 मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. रोझची भूमिका नीट लिहिलेली नव्हती असं म्हणणं वेगळं. तुमच्या कट्ट्यावर कुणी तिच्या दिसण्यावर विनोद करत असेल तर त्याला तिथेच थांबवा, कारण शेजारी बसलेली तेरा वर्षांची मुलगी ते स्वतःबद्दल ऐकत असते.

पाचही जणांना एकत्र बसून बघायला काही हवं असेल तर स्टार वॉर्सचीच 'अँडोर' ही मालिका लावा. दोन सीझन, 2022 आणि 2025 चे, मिळून 24 भाग. त्यात जेडाय नाहीत, तलवारी नाहीत. साध्या माणसांना साम्राज्य कसं चिरडतं आणि ती हळूहळू कशी उठतात, एवढंच आहे, आणि नव्या-जुन्या दोन्ही बाजूंची बरीच माणसं त्यावर एकत्र आलेली मी पाहिली आहेत. मुलीला मात्र तो आत्ता नको, दुसऱ्या सीझनमध्ये बळजबरीच्या प्रयत्नाचा एक प्रसंग आहे, तो तिच्या वयाला जड जाईल. तिच्यासाठी 2008 पासूनची 'द क्लोन वॉर्स' ही ॲनिमेशन मालिका काढून ठेवा. त्यात अहसोका नावाची चौदा वर्षांची मुलगी अनाकिनची शिष्या म्हणून येते. आली तेव्हा ती अनेक जुन्या चाहत्यांना नको होती, आगाऊ वाटायची. आज ती या सगळ्या विश्वातल्या सर्वांत लाडक्या पात्रांपैकी एक आहे. तुम्ही ती मालिका पाहिलेली नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं. तेव्हा दोघंही पहिल्यांदाच बघाल.